पदवी आणि हातचे काम

सातपुड्याच्या कुशीत, बऱ्हाणपूर जिल्ह्याच्या खकनार तहसिलीत, देडतलाई हे गाव आहे. तेथून निघालेला रस्ता धारणी, सेमाडोह, परतवाडा असा मेळघाटच्या सागवानी अरण्यातून अमरावतीस उतरतो. १९५६ च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत ह्या रस्त्याची दोन्ही टोके एकाच राज्यात होती. निमाडचा आणि वऱ्हाडचाही कारभार नागपूरहून चालत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. वऱ्हाड मुंबई राज्यात गेले, निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि कोरकूंच्या वस्त्यांमधून राज्याची सीमा गेली.

ह्याच वर्षी ह्या मुलुखात आणखी दोन गोष्टी घडल्या. २६ एप्रिल रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते नेपानगरच्या कागद कारखान्याचे उद्घाटन झाले. वृत्तपत्राचा कागद देशात प्रथम तेथेच तयार होऊ लागला आणि निमाडच्या जंगलातील सलईच्या लाकडाला एक नवे मोल आले. दुसरी गोष्ट रस्त्याच्या पलीकडल्या टोकाला, अमरावतीस घडली. डॉ. पंजाबराव देशमुखांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या शिवाजी लोकविद्यापीठात ग्रामीण उच्च शिक्षणाची संस्था सुरू झाली. कारखान्याची वार्ता सर्वत्र गाजली. संस्थेची वार्ता फारशी गाजली नाही. परंतु पदवीधराला शिक्षण संपल्यावर काम का मिळत नाही, ह्या आज घरोघर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचा इतिहास शोधू गेल्यास ह्या दुसऱ्या वार्तेकडेच वळावे लागते.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. त्यांचे मुख्य काम शिकविण्याचे नव्हते, परीक्षा घेण्याचे होते. महाविद्यालयांनी शिकवावे, विद्यापीठाने तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेने पारख करावी आणि सरकारी कचेरीने ती पारख मान्य करावी, असा हा व्यवहार होता. कारकून, वकील आणि शाळामास्तर ह्यांची गरज त्याने भागली. पण जे तीन तासांत कागदावर उतरत नाही ते अभ्यासक्रमात येऊ शकत नाही, ही त्याची अटळ परिणती होती. विहिरीची बांधणी, जमिनीची मोजणी, सहकारी सोसायटीचे हिशेब, गावच्या आरोग्याची पाहणी ही कामे परीक्षेच्या मंडपात मावणारी नव्हती. म्हणून ती विद्येच्या बाहेरच राहिली.

हा कोंडा फोडण्याचा एक प्रयत्न दूर अमेरिकेत झाला आणि तो फिरत फिरत अमरावतीपर्यंत पोहोचला, ही कथा मोठी मनोरंजक आहे. १९०६ साली सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर ह्या स्थापत्याच्या प्राध्यापकाने सत्तावीस विद्यार्थी घेऊन एक प्रयोग आरंभिला. विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक विद्यार्थी आठवडाभर वर्गात बसे तेव्हा त्याचा जोडीदार कारखान्यात काम करी. पुढच्या आठवड्यात दोघांची अदलाबदल होई. कारखानदाराची जागा रिकामी राहत नसे आणि विद्यार्थ्याला वेतनही मिळे. येथे काम हे शिक्षणाच्या जोडीला ठेवलेले पुण्यकर्म नव्हते. तो अभ्यासक्रमाचाच भाग होता. योजनेचे सारे मर्म ह्यात आहे.

ही पद्धत ओहायो राज्यातील अँटिऑक महाविद्यालयात १९२१ पासून कला आणि विज्ञान शाखांनाही लागू करणारे अध्यक्ष आर्थर मॉर्गन हे होत. ते मूळचे इंजिनीयर. डेटन शहरावर १९१३ साली महापूर आला, त्यानंतर तेथील पूरनियंत्रणाची धरणे त्यांनी बांधली आणि पुढे टेनेसी खोऱ्याच्या प्रसिद्ध प्राधिकरणाचे ते पहिले अध्यक्ष झाले. डॉ. राधाकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखाली १९४८ साली भारत सरकारने विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला, तेव्हा हेच मॉर्गन त्याचे सभासद म्हणून येथे आले. त्याच आयोगात डॉ. झाकिर हुसेन होते. वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेनंतर बुनियादी शिक्षणाची योजना ज्यांनी शब्दबद्ध केली, तेच हे. सेवाग्रामचा चरखा आणि सिनसिनाटीची कर्मशाळा ह्यांची गाठ अशी एका सरकारी अहवालात पडली. आयोगाने १९४९ च्या अहवालात ग्रामीण विद्यापीठांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले.

अहवाल होऊन पाचसहा वर्षे गेली. मग डॉ. का. ला. श्रीमाळी ह्यांच्या समितीने त्यातून व्यवहार्य तेवढे उचलले. विद्यापीठ हा शब्द मागे पडला, ‘ग्रामीण संस्था’ हा पुढे आला. १९५६ साली ग्रामीण उच्च शिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली आणि देशभर दहा संस्थांची निवड झाली. तमिळनाडूतील गांधीग्राम, बंगालमधील श्रीनिकेतन, सौराष्ट्रातील सणोसरा ही त्यांतली काही. मराठी मुलुखाच्या वाट्यास दोन आल्या: एक अमरावतीची, दुसरी कोल्हापूर जिल्ह्यातील गारगोटीची. ग्रामसेवेचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम, ग्रामीण स्थापत्याची पदविका, शेतीविज्ञानाचे प्रमाणपत्र अशी शिक्षणाची योजना होती आणि आसपासच्या खेड्यांतील विस्तारकार्य व गावपाहणी तिच्यात अंगभूत होती.

मराठी वाचकाला येथे कर्मवीर भाऊराव पाटलांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय उघडले. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना पुढे विद्यापीठांनीही उचलली. शेतात आणि बांधकामावर घाम गाळून हजारो गरीब मुलांनी पदव्या मिळविल्या. ह्या कार्याची थोरवी निर्विवाद आहे. तथापि श्नायडरच्या योजनेहून ते निराळे आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे. साताऱ्याच्या विद्यार्थ्याचे श्रम त्याच्या शिक्षणाचा खर्च भागवीत, त्याला स्वाभिमान देत. पण खोदलेल्या चरीचा इतिहासाच्या वा अर्थशास्त्राच्या पेपराशी संबंध नसे. तो पेपर विद्यापीठाचा असे आणि पूर्वीसारखाच असे. आजही अनेक ठिकाणी ग्रंथालयात पुस्तके लावण्याच्या कामाला कार्यानुभव म्हटले जाते. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण त्या एक नव्हेत.

ग्रामीण संस्थांनी नेमकी ही भिंत पाडावयाची होती. मग त्यांचे काय झाले? त्यांचा घात कामाच्या उणिवेने झाला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. घात झाला तो कागदाने. ग्रामसेवेची पदविका नोकरीपुरती पदवीसमान मानावी, असे केंद्र सरकारने ठरविले. पण राज्य सरकारांची खाती आणि विद्यापीठे ही मान्यता देण्यास कचरत. गावात तीन वर्षे काम केलेल्या पदविकाधारकापुढे एम. ए. च्या वर्गाचे दार उघडेल की नाही, याची शाश्वती नसे, आणि अर्जावर ‘पदवी’च्या रकान्यात काय लिहावे हाही प्रश्नच असे. ज्या शिक्षणाचा हेतू माणसाला कामास लायक करण्याचा, त्याच शिक्षणाचा माणूस कामाच्या दारात अडखळला. ज्या घरांनी शेत गहाण टाकून मुलाला शिकविले, त्यांनी निष्ठा बाजूस ठेवून पदवीचा मार्ग धरला, तर त्यांना दोष कोणी द्यावा? साहजिकच एकेक संस्था रूढ पदव्यांकडे वळली. गांधीग्रामला १९७६ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बाकीच्या बहुतेक शेजारच्या विद्यापीठांशी संलग्न झाल्या.

गारगोटीचा धागा मात्र तुटला नाही. तेथील मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते जे. पी. नाईक पुढे दिल्लीस गेले आणि १९६४ साली नेमलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. १९६६ च्या अहवालात ‘कार्यानुभव’ हा सर्व शिक्षणाचा अविभाज्य भाग असावा अशी शिफारस आली. शाळांमध्ये तिचे काय झाले हे सर्वांस ठाऊक आहे: कागदाची फुले आणि खडूचे साचे. महाविद्यालयांत तर तीही आली नाहीत. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना आली, परंतु ती सेवा होती, उमेदवारी नव्हे.

उमेदवारीचा मार्ग कायद्याने उघडला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या कक्षेत १९७३ च्या दुरुस्तीने इंजिनीयर पदवीधर आणि पदविकाधारक आले. इतर शाखांच्या पदवीधरांना त्यासाठी २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे साध्या बी. ए. झालेल्या मुलाला उमेदवारीचा कायदेशीर हक्क मिळण्यास अधिनियमानंतर त्रेपन्न वर्षे लागली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर मध्य प्रदेशाने २०२१-२२ च्या सत्रापासून पदवीच्या अभ्यासक्रमात व्यावसायिक विषय आणि क्षेत्रप्रकल्प, प्रशिक्षुता किंवा लोकसंपर्काचे काम घातले. ह्या कामाला आता श्रेयांक आहेत. ग्रामसेवेच्या पदविकेला जे लाभले नाही ते पदवीच्या कागदावरील स्थान त्याला मिळाले आहे. अडचण उरली ती जागेची. बऱ्हाणपुरात यंत्रमाग आहेत, केळीच्या बागा आहेत. तेथील विद्यार्थ्याला हिशेबाचे, यंत्राचे वा बाजाराचे काम शोधता येते. देडतलाईच्या बाजूच्या कोरकू मुलाला काम शिकावयाचे तर वनखाते, ग्रामपंचायत, दवाखाना अथवा बाजारपेठेतले दुकान ह्यांखेरीज फारसे काही नाही, आणि तेथे त्याला शिकविण्यासाठी कोणाची नेमणूक झालेली नाही. सिनसिनाटीत जोडीला जोडीदार होता आणि दोघांच्या मध्ये, वर्ग व कारखाना ह्या दोहोंत फिरणारा, एक प्राध्यापक होता. तो प्राध्यापक येथील कोणत्या महाविद्यालयाच्या पगारपत्रकावर असावा, हे अद्याप ठरावयाचे आहे.

१९५६ च्या सीमेने देडतलाई आणि अमरावती ह्यांची राज्ये वेगळी केली, त्यांची विद्यापीठेही वेगळीच आहेत. पदवीधरांच्या उमेदवारीची व्यवस्था पाहणारे पश्चिम विभागाचे मंडळ मात्र मुंबईस आहे आणि त्याच्या कक्षेत रस्त्याची दोन्ही टोके येतात.