खिशातला चाकू आणि झाडावरची ताडी: सीमाभागातली पाती, पेयं आणि दोन्हीकडचे नियम

आदिलाबाद, प्रतिनिधी :

पैनगंगेच्या अलीकडं 'कल्लू', पलीकडं 'ताडी'. झाड तेच, गाडगं तेच. पण पूल ओलांडला की नाव बदलतं आणि कायदाही बदलतो. चाकूचंही तसंच आहे. आजोबांच्या खिशातला घडीचा चाकू, आजीच्या चंचीतला अडकित्ता, शेतातला विळा, कोयता ही पाती बेला, जैनथ, तामसी भागातल्या मराठी घरांत अजून आहेत आणि किनवट, पांढरकवडा, राजुऱ्याकडच्या घरांतही आहेत. काही जण आता ती हौसेनं जमवतात. सुट्टीच्या दिवशी आवडीचं पेय शेजारी ठेवून पाती पुसत बसणं हा त्यांचा निवांतपणा. अशा हौशी माणसाला आपल्या भागातली पेयं, पाती आणि त्यांचे नियम यांबद्दल जे माहीत असावं, ते इथं एकत्र देत आहोत.

पेयाचा आणि पात्याचा संबंध काय?

युरोपात हा संबंध चाकूतच दिसतो. फ्रान्समधल्या लाग्योल गावच्या घडीच्या चाकूला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुचाचा स्क्रू जोडला गेला, म्हणजे एकाच चाकूनं पाव कापायचा आणि वाइनची बाटलीही उघडायची. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये जो अधिकाऱ्यांसाठीचा चाकू काढला, त्यातही हा स्क्रू होता. तोच पुढं 'स्विस आर्मी नाइफ' म्हणून जगभर गेला.

आपल्याकडं उलटं आहे. तिथं चाकू बाटली उघडतो, इथं चाकू झाड उघडतो. पात्याला धार नसेल तर पेयच मिळत नाही. म्हणून आपल्या भागातल्या पात्यांची गोष्ट ताडीपासून सुरू करावी लागते.

ताडी काढणारं पातं

तेलंगणात ताडी मुख्यतः दोन झाडांची. ताडाची ती 'ताटी कल्लू' आणि शिंदीची ती 'ईता कल्लू'. मराठीत शिंदी हे झाडाचंही नाव आणि पेयाचंही. साधारणपणे शिंदी थंडीत धरते आणि ताड उन्हाळ्याकडं. झाडावर चढणारा माणूस परंपरेनं गौड समाजाचा, जुनी मराठी माणसं त्याला कलाल म्हणतात. कमरेभोवतीचा आणि झाडाभोवतीचा जाड दोर म्हणजे 'मोकू', रस धरायचं मडकं म्हणजे 'लोट्टी' आणि पात्याला तेलुगूत 'गीता कत्ती'. सरकारी कागदावरही या कामगारांना 'गीता कार्मिक' म्हणतात.

ताडाच्या फुलोऱ्याचं टोक रोज कागदासारखं पातळ छाटायचं असतं. शिंदीला शेंड्याखालचा भाग सोलून तिथं खाच घेतात. पातं बोथट असेल तर झाडाचा गाभा कापला न जाता चेंगरतो आणि रस कमी होतो. छाट जाड गेली तर फुलोरा लवकर संपतो. जास्त कापलं तर झाडाचं नुकसान, कमी कापलं तर मडकं रिकामं. सगळं कसब त्या एका छाटीत आहे.

ताजा रस गोड असतो. तीच नीरा. मडक्याला आतून चुना लावला तर रस लवकर आंबत नाही. चुना नसेल तर हवेतलं आणि मडक्यातलं किण्व काही तासांतच काम सुरू करतं. सकाळी गोड, दुपारी आंबूस, संध्याकाळी चढणारी. पूर्ण आंबलेल्या ताडीत अल्कोहोल साधारण ४ ते ६ टक्के, म्हणजे बिअरच्या आसपास. हैदराबादेत हुसेनसागरच्या काठावर २०२३ मध्ये नीरा कॅफे सुरू झालं, महाराष्ट्रातही रस्त्याकडेला नीरा केंद्रं आहेत. न चढणारं काही हवं असेल त्यांनी नीराच घ्यावी, पण थंड आणि ताजी.

झाडावरून पडून दगावणारे, कायमचे जायबंदी होणारे गीता कामगार दर वर्षी बातम्यांत येतात. तेलंगणा सरकारनं २०२४ मध्ये 'काटमय्या रक्षा कवचम्' या नावानं त्यांना सुरक्षा साहित्य द्यायला सुरुवात केली. काटमय्या हा ताडी काढणाऱ्यांचा देव. एका हातात पातं, दुसरा हात झाडाला, अशी ही कमाई आहे.

मोहफूल: इथं पातं लागत नाही

उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर पट्ट्यात मोहाला 'इप्पा' म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये फुलं आपोआप गळतात आणि पहाटे बायका-मुलं ती वेचतात. गोंड, कोलाम समाजात मोहाची दारू निव्वळ नशेची वस्तू नाही. पितरांना, देवाला आधी तिचा थेंब वाहिला जातो, मग माणसं घेतात.

इंग्रज काळात मुंबई इलाख्यात १८९२ चा महवरा कायदा आला आणि फुलं गोळा करण्यावरच बंधन आलं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करणं, साठवणं, त्यांची वाहतूक करणं यावरचे जुने निर्बंध सैल केले. ही सूट फुलांना आहे, भट्टीला नाही. उटनूरमध्ये आदिवासी महिलांच्या गटानं मोहफुलाचे लाडू बनवून वेगळा रस्ता काढला आहे. फूल पोटात जातं, डोक्यात नाही.

मोहाची दारू आणि 'गुडुंबा' यांची गल्लत करू नये. गुडुंबा काळ्या गुळाची, हातभट्टीची. त्यात काय काय टाकलेलं असतं ते गाळणाऱ्यालाच ठाऊक.

बिननशेची यादीही मोठी

आदिलाबादचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो आणि तेलंगणातली कडक थंडीही इथंच पडते. त्यामुळं पेयंही दोन टोकांची. उन्हाळ्यात ज्वारीची अंबील, ताक, कैरीचं पन्हं, ताडगोळे. हिवाळ्यात आल्याचा गुळाचा चहा. अंबील रात्री भिजवून आंबवतात, सकाळी शिजवतात आणि पातळ करून मीठ, कांदा घालून घेतात. शेतावर जाणाऱ्याचं पोट आणि तहान दोन्ही भागतं. कांदा, कैरी चिरायला खिशातला चाकू, ताडगोळे सोलायला कोयता. चाकूच्या शौकिनाला चहा आणि अंबील हीच खरी सोबत, कारण पुढं सांगितलं आहे.

घरातली पाती: काय जमवावं

घडीचा चाकू: लाकडी किंवा शिंगाची मूठ आणि मुठीत मुडपणारं एक पातं. पातं साध्या कार्बन पोलादाचं, म्हणून गंजतं, पण धार पटकन लागते. घिसाडी, लोहार यांनी हातानं घडवलेला मिळाला तर सोडू नये. केसलापूरच्या नागोबा जत्रेला (पौष अमावस्या) किंवा आठवडी बाजाराला गेलात तर लोखंडी सामानाच्या पालावर नजर टाकावी.

रामपुरी: उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा. हिंदी सिनेमानं त्याला गुंडाच्या हातात दिलं, म्हणून बदनाम झाला. कारागिरी मात्र बघण्यासारखी. रामपुरात २०२३ मध्ये सुमारे २० फूट लांबीचा चाकू चौकातच उभारला आहे.

अडकित्ता: मराठी घरातला सगळ्यात देखणा संग्रह याचाच होतो. पोपट, मोर, घोडा, बाईमाणूस अशा आकारांचे पितळी, लोखंडी अडकित्ते. पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ते पाहायला मिळतात. दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास घरगुती वस्तू जमवायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारला दिला. 'राजा' हे त्यांच्या अकाली गेलेल्या मुलाचं नाव. साध्या वस्तूंनाही मोल असतं, हे ज्याला पटत नाही त्यानं एकदा तिथं जाऊन यावं.

आपल्याच मातीतलं पोलाद

निर्मल २०१६ च्या ११ ऑक्टोबरपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आता वेगळा जिल्हा आहे. निर्मलच्या टेकड्यांतलं लोखंड आणि पलीकडं निझामाबाद भागातलं कोनासमुद्रम गाव इथून एकेकाळी मुशीतलं पोलाद इराणपर्यंत जायचं. इराणी व्यापारी स्वतः येऊन, थांबून माल तपासून घ्यायचे. वॉयझी या इंग्रज शास्त्रज्ञानं ही कृती पाहून लिहिलेली टिपणं १८३२ मध्ये छापली गेली. जगात 'दमास्कस'च्या नावानं गाजलेल्या तलवारींमागं दक्षिण भारतातलं असं पोलाद होतं. पुढं स्वस्त विलायती लोखंड आलं आणि भट्ट्या थंडावल्या. आज बाजारात 'दमास्कस चाकू' म्हणून नक्षीदार पातं विकतात ते बहुतेक वेळा थर जोडून केलेलं नवं काम असतं, जुनं मुशीतलं पोलाद नव्हे. पैसे मोजताना हा फरक लक्षात ठेवावा.

संग्रह सांभाळायचा कसा

- पातं धुतल्यावर लगेच कोरडं करा. लिंबू, चिंच, कैरी कापली असेल तर जास्त लवकर.
- हलका गंज रॉकेलच्या फडक्यानं निघतो. पॉलिश पेपर मारून जुना करडा रंग आणि कारागिराची खूण घालवू नका, तिथंच किंमत आहे.
- खाण्यासाठी वापरायच्या चाकूला खोबरेलाचा अगदी पातळ हात पुरे. नुसता ठेवायचा असेल तर मशिनचं तेल.
- चामड्याच्या म्यानात वर्षभर ठेवू नका, ओल धरते. सुती फडक्यात गुंडाळा.
- उन्हाळ्यात शिंगाची, लाकडाची मूठ तडकते. पत्र्याच्या पेटीत, उन्हात ठेवू नका.
- एक वही घाला. वस्तू, कुठून, कधी, किती रुपयांना, दुरुस्तीचा खर्च. जमाखर्च नसलेला संग्रह पुढच्या पिढीच्या दृष्टीनं भंगार ठरतो.
- सगळ्यात महत्त्वाचं: आधी पाती, मग पेला. चढणारं काही घ्यायचं असेल तर चाकू पुसून, मिटून, कुलपात गेल्यावरच. पाती हातात असताना चहा.

कायदा: चाकूचा

शस्त्र कायदा १९५९ चा. नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्रात मोडतं आणि जिथं सरकारनं तशी अधिसूचना काढली आहे तिथं परवाना लागतो. घरगुती आणि शेतीकामाची अवजारं यातून वगळली आहेत. म्हणून विळा, कोयता शेतात चालतो. तोच रात्री गाडीच्या डिकीत सापडला तर उत्तर द्यावं लागतं. बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंवर दिल्लीत १९८० पासून वेगळी बंधनं आहेत. विमानात हातातल्या सामानात कुठलाच चाकू चालत नाही. वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, परदेशी पाठवता येत नाही.

कायदा: पेल्याचा

तेलंगणात दारूसाठी वय २१ पूर्ण. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, कडक दारूला २५ आणि पिण्याचा परवाना वेगळा. वर्धा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून दारूबंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि ती उठवायचा निर्णय मे २०२१ मध्ये झाला. यवतमाळ, नांदेडला बंदी नाही. तरी एका राज्याची बाटली दुसऱ्या राज्यात नेणं गुन्हाच आहे, पाहुण्यासाठी नेली म्हटलं तरी. तेलंगणात ताडी विकायला गीता कामगारांच्या सहकारी संस्थेचा किंवा झाडाचा परवाना लागतो.

भेसळ: हा जिवाचा प्रश्न आहे

हिशेब साधा आहे. एक झाड दिवसाला काही लिटर रस देतं, तोही हंगामात. दुकान मात्र बारा महिने, सकाळ-संध्याकाळ भरलेलं. झाडं नाहीत अशा शहरातही कल्लू मिळतो. मग तो येतो कुठून? पाणी, सॅकरिन आणि नशेसाठी क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम. तेलंगणात हे पुन्हा पुन्हा उघडकीस आलं आहे. जुलै २०२५ मध्ये हैदराबादच्या कूकटपल्ली भागात अशा ताडीनं माणसं दगावली.

खरी ताडी दुसऱ्या दिवशी आंबट होते आणि फेसाळते. दिवसभर एकसारखी गोड, थोडीच घेतली तरी गुंगी, जीभ जड अशी असेल तर ती ताडी नाही. झाड दिसतं, काढणारा ओळखीचा आहे, मडकं समोर उतरलं आहे, एवढं असेल तरच घ्यावी.

आणखी एक गोष्ट घरच्यांनी लक्षात ठेवावी. भेसळीच्या ताडीची सवय असलेला माणूस एकदम बंद झाला तर हात थरथरणं, भलतंच बोलणं, फिट येणं असं होतं. २०१५ मध्ये निझामाबाद भागात दुकानांवर कारवाई झाल्यावर असे रुग्ण दवाखान्यांत आले होते. हे वेड नाही आणि भूतबाधाही नाही, औषध तुटल्याची लक्षणं आहेत. खोलीत कोंडू नका, अंगारा लावत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट सरकारी दवाखान्यात न्या. आदिलाबादेत रिम्स आहे. डॉक्टरांना 'कल्लू पीत होता' हे स्पष्ट सांगा. १०८ हा क्रमांक पैनगंगेच्या दोन्ही काठांना एकच आहे.