पुराव्याचा प्रश्न : दक्षिण बंगळूर, कलम ३७७ आणि समलिंगी विवाहाचा अधिकार

जयनगर ही बंगळूरच्या दक्षिण भागातील नियोजित वसाहत. तिची कोनशिला १९४८ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसविण्यात आली. रुंद रस्ते, झाडांच्या रांगा आणि सुस्थित मध्यमवर्गीय कुटुंबे ही तिची ओळख. मात्र या वसाहतीच्या आसपासच्या परिसरास भारतीय कायद्याच्या इतिहासात आणखी एका कारणाने स्थान द्यावे लागते. २० ऑक्टोबर २००८ रोजी गिरिनगर पोलिसांनी पाच हिजड्यांना ताब्यात घेतले. त्यांची चौकशी करण्यास गेलेल्या 'संगम' या संस्थेच्या कार्यकर्त्यांनाही अटक व मारहाण झाली. त्याच्या निषेधार्थ बनशंकरी पोलीस ठाण्यासमोर जमलेल्या निदर्शकांपैकी अनेकांना पोलिसांनी धरले. त्यांत वकीलही होते. याच शहरात अवघ्या चार महिन्यांपूर्वी, जून २००८ मध्ये, समलिंगी व तृतीयपंथी नागरिकांची अभिमान-पदयात्रा निघाली होती.

ही घटना एकाकी नव्हती. तिचे महत्त्व तिच्या क्रूरतेपेक्षा तिच्या नोंदीत आहे. भारतातील समलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या लढ्याचा इतिहास बहुधा न्यायालयीन निकालांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु निकालामागे पुरावा असतो, आणि पुराव्यामागे तो गोळा करणारी माणसे असतात. त्या माणसांचे कार्य लक्षात घेतल्यावाचून या लढ्याचा उलगडा होत नाही. विवाहाच्या अधिकाराचा आजचा प्रश्नही त्याच सूत्राने समजून घ्यावा लागतो.

भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ ही वसाहतकालीन निर्मिती होय. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली संहितेचा मसुदा सादर केला. संहिता १८६० साली संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंधास जन्मठेप अथवा दहा वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा या कलमाने सांगितली. दोषी ठरलेल्यांची संख्या मोठी नव्हती. कलमाचा खरा उपयोग निराळाच होता. ते धाकाचे हत्यार होते : बागेत बसलेल्या दोघांना हटकणे, घरी कळविण्याची धमकी देऊन पैसे उकळणे, तक्रार घेऊन आलेल्यालाच आरोपी करणे. अशा व्यवहाराचा कागद राहत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो नाव सांगण्यास धजत नाही, आणि अन्याय करणारा नोंद ठेवीत नाही.

ही नोंद करण्याचे काम बंगळूरमध्ये पद्धतशीरपणे झाले. १९९४ साली 'गुड अ‍ॅज यू' हा मित्रमंडळासारखा गट येथे सुरू झाला. १९९९ साली 'संगम' ही संस्था स्थापन झाली. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या कर्नाटक शाखेने २००१ आणि २००३ साली दोन अहवाल प्रसिद्ध केले. पहिला लैंगिक अल्पसंख्याकांवरील अन्यायांविषयी होता, तर दुसरा बंगळूरमधील कोथी व हिजडा समाजातील व्यक्तींवरील अत्याचारांविषयी. ज्या अनुभवांची वाच्यता कुटुंबातही होत नव्हती, ते या अहवालांमुळे सार्वजनिक चर्चेचा विषय झाले.

२ जुलै २००९ रोजी मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा (हे मूळचे सोलापूरचे) आणि न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी दिल्ली उच्च न्यायालयात नाझ फाउंडेशन प्रकरणाचा निकाल दिला. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या खाजगी संबंधांना हे कलम लागू करता येणार नाही, असे त्यांनी ठरविले. निकालपत्रात २००४ सालच्या बंगळूरमधील एका घटनेचा उल्लेख आहे. गुंडांच्या टोळीने बलात्कार केलेल्या एका हिजडा व्यक्तीला साहाय्य करण्याऐवजी पोलिसांनी ठाण्यात नेऊन तिचाच छळ केला होता. अशा रीतीने बंगळूरच्या रस्त्यावरील अनुभव न्यायालयाच्या निकालपत्रात पोहोचला.

पुढे ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कौशल प्रकरणात हा निकाल रद्द केला. त्या वेळी दिलेली कारणे बारकाईने पाहण्याजोगी आहेत. दीडशेहून अधिक वर्षांत या कलमाखाली दोनशेपेक्षाही कमी व्यक्तींवर खटले झाले, या वर्गाची संख्या अत्यल्प आहे, आणि छळाचे पुरेसे तपशील पुढे आलेले नाहीत, असे न्यायालयास वाटले. म्हणजे ज्या भीतीमुळे तक्रारी झाल्या नाहीत, तिचाच परिणाम अन्याय नसल्याची खूण मानला गेला. हा तर्क ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने नवतेज सिंग जोहर प्रकरणात एकमताने मोडीत काढला. मूलभूत हक्क संख्येवर अवलंबून नसतात, हे त्याचे सार होय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम समूळ वगळले गेले. तसे करताना प्रौढ पुरुषावरील लैंगिक अत्याचारास लागू होईल असे कलमही उरले नाही, ही उणीव मात्र राहिली.

मौनाला वाचा फोडणाऱ्यास शिक्षा होण्याचा अनुभव मराठी वाचकास नवा नाही. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ ते नोव्हेंबर १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. त्यात वाचक आपल्या लैंगिक शंका लिहून पाठवीत, त्यांत समलिंगी आकर्षणाविषयीच्या शंकाही असत, आणि कर्वे त्यांना शास्त्रीय उत्तरे देत. या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुढील शतकातील अहवालांप्रमाणेच वाचकांची ती पत्रेही एक प्रकारचे दप्तरच होती. फरक इतकाच की, त्या वेळी प्रश्नाला उत्तर देणे हाच गुन्हा ठरला.

गुन्हा नाहीसा झाला म्हणजे समता आली, असे नव्हे. रुग्णालयात जोडीदाराच्या वतीने संमती कोणी द्यावी, मृत्यूनंतर घर कोणाकडे जावे, निवृत्तिवेतनात नाव कोणाचे लागावे, मूल दत्तक घेताना पालक कोणास मानावे, हे प्रश्न विवाहाच्या नोंदीशी बांधलेले आहेत. या प्रश्नांसाठी आलेल्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निर्णय दिला. विवाह हा घटनेने दिलेला मूलभूत अधिकार नाही, याबाबत पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनास कायदेशीर मान्यता मिळण्याचा हक्क मान्य केला. तिघा न्यायाधीशांच्या बहुमताने तो नाकारला. प्रश्न संसदेकडे आणि मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने एकत्रित बँक खाते आणि शिधापत्रिका यांविषयी खुलासे केले. पुनर्विलोकन याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळण्यात आल्या.

विवाहसंस्था अनादी व अपरिवर्तनीय असल्यामुळे तीत असा बदल करता येत नाही, हा आक्षेप वारंवार घेतला जातो. महाराष्ट्राचा इतिहास त्यास पाठिंबा देत नाही. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली, तेव्हा धर्म बुडाल्याची हाकाटी झाली. १८७३ साली सत्यशोधक समाजाने भटजीविना विवाह लावून दाखविले. रखमाबाईंनी न पटलेल्या नवऱ्याकडे नांदण्यास जाण्याचे नाकारले, तेव्हा १८८४ ते १८८८ हा काळ त्यांना न्यायालयात काढावा लागला, आणि १८८७ साली त्यांच्यासमोर नांदणे किंवा सहा महिने कैद असा पर्याय ठेवला गेला. सगोत्र विवाहावरील बंदी १९४६ च्या कायद्याने दूर झाली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न सोडता भिन्नधर्मीयांना विवाह करता येऊ लागला. यांतील प्रत्येक पाऊल कुटुंबव्यवस्थेचा अंत करील, असे भाकीत झाले होते. कुटुंब टिकले; आत कोणास प्रवेश आहे, एवढेच बदलले.

बाहेरचा अनुभवही हेच सांगतो. नेदरलँड्सने २००१ साली, दक्षिण आफ्रिकेने २००६ साली, तैवानने २०१९ साली आणि थायलंडने २०२५ साली समलिंगी विवाहास मान्यता दिली. नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली नोंदणी झाली. तेव्हा हा प्रश्न केवळ पाश्चात्त्यांचा आहे, हे म्हणणे टिकत नाही.

भारतात हा प्रश्न पुढे संसदेत सुटेल की न्यायालयात, हे सांगणे कठीण आहे. परंतु २०१३ च्या निकालाने एक धडा दिला आहे : जे नोंदले गेले नाही, ते घडलेच नाही असे मानले जाते. म्हणून ज्या जोडप्यांना रुग्णालयाच्या दारात अडविले गेले, ज्यांच्या घरात जोडीदाराच्या मृत्यूनंतर नातेवाईक हक्क सांगत आले, ज्यांना भाड्याचे घर नाकारले गेले, त्यांच्या अनुभवांचे दप्तर आजच तयार व्हावयास हवे. कर्व्यांच्या वाचकांनी ते पत्रांतून केले, दक्षिण बंगळूरमधील कार्यकर्त्यांनी मार खाऊन केले. जयनगरसारख्या वसाहतींतील सुस्थित घरांमध्येही असे कित्येक अनुभव उंबऱ्याच्या आतच राहिले असतील. त्यांना भीतीवाचून आपली हकीकत सांगता यावी, हे दायित्व आता केवळ पीडितांवर टाकून चालणार नाही. विवाहाचा अधिकार मिळेपर्यंतचा तो पहिला टप्पा आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाचेही काम तेथूनच सुरू होते.