व्हॉल्व्ह स्प्रिंग कंप्रेसर

एंजिनातील व्हॉल्व्हची स्प्रिंग दाबून धरण्याचे हत्यार. स्प्रिंग दाबली की तिच्यावरची टोपी खाली सरकते आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावरील खाचेत बसलेली दोन अर्धगोल लॉके सुटी होतात. या हत्याराची निवड किमतीवरून नव्हे, तर सिलिंडर हेडच्या रचनेवरून करावी लागते. हेड उतरवलेले असेल तर सी-आकाराचा क्लॅम्प उत्तम, कारण तो व्हॉल्व्हचे तोंड खालून धरून स्प्रिंग सरळ दाबतो. बकेट टॅपेटच्या एंजिनात मात्र स्प्रिंग खोल भोकात असते. तेथे खिडकी असलेला अरुंद नळीचा जोड लागतो, अन्यथा भोकाच्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडे पडतात. हेड न काढता केवळ व्हॉल्व्ह सील बदलायचे असल्यास तरफेचा प्रकार वापरतात. त्यावेळी व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून पिस्टन वरच्या टोकाला आणून दाबाची हवा भरतात.

टोपीवर सॉकेट ठेवून त्यावर हातोडी मारूनही लॉके निघतात, मग हत्यार कशाला, असा आक्षेप घेतला जातो. सुटे करण्यापुरता तो खरा आहे; पण त्यात लॉके उडतात, शिवाय जोडणीच्या वेळी स्प्रिंग दाबलेली ठेवून दोन्ही लॉके खाचेत नीट बसवावी लागतात. एक जरी अर्धवट बसले, तर चालत्या एंजिनात व्हॉल्व्ह निसटून पिस्टनवर आदळतो. म्हणून स्थिर, सरळ दाब हीच या हत्याराची खरी कसोटी होय.