तीच वाणी, नवा धनी

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९). १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देवाने त्यांची प्रतिभा वळवली, असे म्हणता येईल. वळवली हा शब्द नेमका आहे, कारण ती नव्याने दिली नव्हती. शीघ्रकवित्व, संस्कृतचा व्यासंग, श्रोत्यांना खिळवणारे वक्तृत्व हे सारे बाप्तिस्म्याआधीचेच.

त्या काळी मराठी चर्चमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरे विलायती चालींवर गायली जात. सवय नसलेल्या कानांना ती अवघडच वाटत असणार. टिळकांनी उपासनेत अभंग आणि ओवी आणली, ख्रिस्तचरित्र कीर्तनातून सांगितले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत.

स्वभाव मात्र फारसा पालटला नाही. मनस्वीपणा आणि पैशाबाबतची बेफिकिरी पुढेही टिकली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ त्याची हसतखेळत साक्ष देतात. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य टिळकांच्या हातून अपुरे राहिले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्या लग्नानंतर अक्षरे गिरवायला शिकल्या होत्या.

आधीची विद्या नव्या कामी लागल्याचे असेच उदाहरण पंडिता रमाबाईंचे : पुराणे सांगत वाढलेल्या या विदुषीने उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणले. — संपादक