कोसाचा हिशेब

आम्हां दिल्लीवासी मराठी मंडळींपैकी ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांना पुराण्या किल्ल्याशेजारच्या प्राणिसंग्रहालयाची वाट ठाऊक असतेच. त्या आवारात एक जाडजूड जुना मनोरा उभा आहे. वाघ-हत्तींच्या गडबडीत त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा कोसमिनार. आग्र्याहून लाहोरपर्यंत दर कोसाला असा खांब उभारावा, अशी आज्ञा जहांगीराने १६१९ मध्ये दिली होती.

कोस म्हणजे किती? आपल्याकडे उत्तर ठरलेले : दोन मैल. पण या हिशेबाने दिल्लीच्या रस्त्यावरचा दुसरा मिनार शोधू गेल्यास तो सापडणार नाही. ‘ऐने-अकबरी’त कोस पाच हजार गजांचा सांगितला आहे, आणि अकबराचा इलाही गज ४१ अंगुळांचा. आता अंगुळ कोणाच्या बोटाचे, येथेच खरी मेख आहे. इंग्रजांनी १८२५ च्या सुमारास मोजणीच्या सोयीसाठी हा गज ३३ इंचांचा धरला. त्याप्रमाणे कोस सुमारे ४,५८३ यार्डांचा, म्हणजे ४.१९ किलोमीटरांचा होतो. पुढे एलियट या इंग्रज अधिकाऱ्याने दिल्लीजवळच्या मिनारांमधील अंतरांची सरासरी दिली, ती ४,५५८ यार्ड. तीवरून उलट हिशेब केला तर गज ३२.८ इंचांचा निघतो. मातीविटांच्या मिनारांनी कागदावरच्या गजाची अशी साक्ष द्यावी, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते.

पण गज केवळ वाटसरूंसाठी नव्हता. साठ गज लांब व साठ गज रुंद तो बिघा, आणि बिघ्यावर सारा. गज ३३ ऐवजी ३२ इंचांचा झाला, तर बिघा सहा टक्क्यांनी लहान होतो. त्याच शेतात बिघे अधिक भरतात, आणि सारा वाढतो. तागाची दोरी दवाने भिजून आखडते. ही लबाडीची वाट बुजवण्यासाठीच अकबराच्या काळी लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू मोजणीस आले. एका इंचात कुणब्याच्या घरचे धान्य सामावलेले होते.

बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. मापे बदलण्यास तितकेही चालावे लागत नाही. ३३ इंची गजाचा पक्का बिघा ३,०२५ चौरस यार्डांचा, तर दिल्लीत रूढ असलेला १,००८ चौरस यार्डांचा, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. आपला गुंठा ३३ फूट बाजूचा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. १९५६ च्या कायद्याने मीटर आला खरा, तरी बिघा आणि गुंठा व्यवहारातून गेलेले नाहीत. म्हणून जमिनीचा कागद हाती आला, की आकड्याआधी माप कोठले, हे विचारावे. शब्द एक असला, तरी त्यामागची जमीन एक असतेच असे नाही.