नव्वद हजारांचा लॅपटॉप आणि लेकराचं भविष्य

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि यवतमाळ, पुसद, वणी, दारव्ह्यातल्या घराघरांत एकच बोलणं ऐकू येतं: पोरगं इंजिनिअरिंगला चाललं, आता लॅपटॉप घ्यावा लागेल, आणि घ्यायचाच तर भारी घेऊ. शिक्षणात काटकसर करू नये, हे आपल्याकडे वादातीत मानलं जातं. ज्यांनी स्वतः जुन्या पुस्तकांवर आणि उसन्या वह्यांवर शाळा केली, त्या आईबापांना असं वाटावं यात नवल नाही. या भावनेविषयी मला आदर आहे. माझा वाद आहे तो तिच्यातून निघणाऱ्या निष्कर्षाशी. लेकराला संगणक हवा, हे मान्य. तो महागडाच हवा, हे साफ अमान्य.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या ताकदीनिशी मांडला पाहिजे. तो असा: संगणक हे या काळाचं मुख्य साधन आहे, साधन जितकं समर्थ तितकं शिकणं समर्थ, महाग यंत्र चार वर्षं टिकतं, स्वस्त घेतलं तर दोनदा पैसे जातात, आणि अभियांत्रिकीची सॉफ्टवेअरं साध्या यंत्रावर चालतच नाहीत. काळाची निकड तर इतकी खरी आहे की, २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला (सीसीआय) कापूस विकायचा तर शेतकऱ्यालाच 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करावी लागली. तेव्हा 'आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं' असं म्हणून हा पक्ष उडवून लावता येणार नाही. त्याचं एकेक अंग तपासावं लागेल.

पहिलं अंग: समर्थ यंत्र म्हणजे समर्थ शिक्षण. संगणकामुळे मूल स्वतः शिकतं, या विचाराचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते अमेरिकेतल्या एमआयटीचे सेमूर पॅपर्ट. १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या ग्रंथात त्यांनी आग्रह धरला की मुलानं संगणकाला कामाला लावावं, संगणकानं मुलाला नव्हे. त्याच विचारातून पुढे दर मुलामागे एक लॅपटॉप ही चळवळ उभी राहिली. तिचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये आपल्याच राज्यात, रायगड जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या खैरात इथल्या छोट्या शाळेत झाला. या चळवळीचं ध्येय होतं शंभर डॉलरचा लॅपटॉप. म्हणजे पूर्वपक्षाच्या या सर्वांत मोठ्या आधारानंही महाग यंत्र कधी मागितलं नाही.

आणि फळ काय मिळालं? पेरू देशात याच चळवळीचे लॅपटॉप खेड्यापाड्यांतल्या शाळांना वाटले गेले. तिथल्या ३१९ शाळांची तुलना संशोधकांनी केली. सुमारे सव्वा वर्षानंतर गणित आणि भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. सामान्य आकलनशक्तीच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला, एवढंच. कॅलिफोर्नियात घरी संगणक नसलेल्या १,१२३ विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना तो फुकट दिला. वर्ष संपलं तेव्हा गुणांत नाही, हजेरीतही नाही, कशातच फरक नव्हता. रुमानियात गरीब कुटुंबांना संगणक खरेदीसाठी दोनशे युरोंची मदत मिळाली. ज्यांना ती मिळाली त्यांच्या मुलांचं संगणकज्ञान वाढलं, पण शाळेतले गुण घसरले. त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्या घरांत गृहपाठाविषयी आईवडिलांचे नियम होते, तिथे हे नुकसान कमी झालं.

कोणी म्हणेल, हे अभ्यास साध्या संगणकांचे आहेत, महागड्यांचे नाहीत. हाच आक्षेप माझा पक्ष बळकट करतो. इथे कैमुतिक न्याय लागू होतो: संगणक असणं आणि नसणं एवढ्या मोठ्या भेदानं जिथे गुण वाढत नाहीत, तिथे चाळीस हजारांचा की नव्वद हजारांचा या लहान भेदानं ते काय वाढणार? महाग बियाण्याची थैली बरड जमिनीत टाकली म्हणून कापूस दुप्पट होत नाही, हे या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको.

दुसरं अंग टिकाऊपणाचं. लॅपटॉपमध्ये आधी जातं काय? बॅटरी, चार्जर, बिजागरी, कीबोर्ड, नाहीतर धक्का लागून स्क्रीन. यांतल्या कशाचंही आयुष्य प्रोसेसरच्या किमतीवर ठरत नाही. लिथियमची बॅटरी काही शेकडा वेळा भरली-रिकामी झाली की उतरते, मग यंत्र कितीचंही असो. उलट महाग यंत्राचा सुटा भागही महाग, आणि कित्येक सडपातळ मॉडेलांत रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असल्यानं ती पुढे वाढवता येत नाही. त्यात आपलं हवामान आणि आपली वीज. यवतमाळचा मे महिना चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांचा. तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवतो. म्हणजे ज्या वेगासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो ऐन उन्हाळ्यात पुरता मिळत नाही. गेमिंगच्या लॅपटॉपचा चार्जर बहुधा दोनशे वॉटच्या घरातला, साध्याचा पंचेचाळीस ते पासष्ट वॉटचा. भारनियमनात घरच्या इन्व्हर्टरवर कोणता जास्त वेळ चालेल, हे उघड आहे.

तिसरं अंग सॉफ्टवेअरचं, आणि इथे पूर्वपक्षात थोडं तथ्य आहे. त्रिमितीय आराखडे, अ‍ॅनिमेशन, मोठ्या व्हिडिओचं संपादन यांना खरोखर ग्राफिक्स कार्ड लागतं. पण अभियांत्रिकीचं पहिलं वर्ष गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि सी किंवा पायथन यांत जातं. सी भाषा १९७२ च्या सुमारास बेल लॅब्समध्ये तयार झाली, तेव्हाच्या संगणकाची स्मृती किलोबाइटांत मोजत. आज आठ जीबी रॅम आणि एसएसडी असलेलं कोणतंही यंत्र तिला पुरून उरतं. ज्याच्या नावानं हल्ली सर्वांत जास्त भीती घालतात त्या मशीन लर्निंगचा सरावही गूगल कोलॅबवर, दुसरीकडे ठेवलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरवर, ब्राउझरमधून करता येतो. ज्याला पुढे भारी यंत्र लागेलच त्यानं ते तिसऱ्या वर्षी, गरज समोर आल्यावर घ्यावं.

आता हा निर्णय प्रत्यक्षात कसा होतो, ते पाहा. दुकानाच्या काउंटरवर वडील उभे असतात, खिशात पैसे किंवा हप्त्याचे कागद. पोराच्या मोबाइलवर सीनिअरनं पाठवलेली यादी: आय-सेव्हन, सोळा जीबी, ग्राफिक्स कार्ड. दुकानदार दोन मॉडेलं पुढे सरकवतो आणि म्हणतो, "पैशाकडे पाहू नका जी, पोराच्या भविष्याचा प्रश्न हाय." त्या वाक्यापुढे बाप हतबल होतो. स्वस्त मॉडेलकडे बोट दाखवणं म्हणजे लेकराच्या भविष्यावर कंजुषी केल्यासारखं त्याला वाटतं. 'यावर तुला करायचं काय आहे?' हा प्रश्न त्या काउंटरवर कोणीच विचारत नाही. वडिलांना तो सुचत नाही, मुलाला त्याचं उत्तर ठाऊक नसतं.

मग पैशाकडे पाहूच. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. नव्वद हजार म्हणजे अकरा क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरला, तर सव्वादोन ते पावणेतीन एकरांचं सगळं पीक. आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, डवरणी, निंदण, वेचाई अजून वजा व्हायची आहे. चाळीस हजारांचं यंत्र म्हणजे पाच क्विंटल. मधला सहा क्विंटलांचा फरक कशासाठी मोजला, याचं उत्तर घराला देता आलं पाहिजे. 'पोराची हौस' हे उत्तर असेल तर तेही खुशाल द्यावं, पण त्याला शिक्षण म्हणू नये.

दुसऱ्या टोकाला जाऊन 'मोबाइल आहे ना, त्यावरच शिक' म्हणणारेही आहेत. त्यांचंही खंडन केलं पाहिजे. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात १४ ते १६ वयाच्या सुमारे नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे. पण आधीच्या आठवड्यात त्याचा अभ्यासासाठी वापर केलेली मुलं ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी केलेली ७६ टक्के. मोबाइलवर पाहणं होतं. लांब मजकूर लिहिणं, प्रोग्रॅम चालवून त्यातली चूक शोधणं, तक्ता मांडणं होत नाही. 'असर'च्याच २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या जेमतेम नऊ टक्के मुलांच्या घरी संगणक होता. ज्यांच्या घरी होता त्यांतल्या ८५ टक्क्यांना तो वापरता येत होता, बाकीच्यांत ३४ टक्क्यांना. म्हणजे घरातला संगणक गुण वाढवत नसला तरी हात बसवतो. हे मोल लहान नाही, पण ते साध्या यंत्रावरही पुरेपूर मिळतं.

म्हणून सिद्धान्त असा: यंत्राची किंमत कामावरून ठरावी, मायेवरून नाही, शेजाऱ्याच्या पोरावरून तर नाहीच. खरेदीआधी मुलानं कागदावर लिहावं, पहिल्या दोन वर्षांत या लॅपटॉपवर मी कोणती कामं करणार. ती यादी कॉलेजातल्या शिक्षकांना दाखवावी. यादीत ग्राफिक्स कार्ड मागणारं काम नसेल तर साधं यंत्र घ्यावं, पण रॅम आणि एसएसडी वाढवता येईल असं. वापरलेलं घ्यायलाही हरकत नाही. मात्र विंडोज १० ला मिळणारी मोफत सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहे, म्हणून विंडोज ११ चालेल असं यंत्र, म्हणजे इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा आहे ना, हे पाहावं. बिजागरी उघडझाप करून बघावी, कीबोर्डची प्रत्येक कळ दाबून बघावी, बॅटरी किती उतरली ते तपासावं, बिल घ्यावं. उरलेल्या पैशांतून इंटरनेट, एखादा चांगला वर्ग आणि दुरुस्तीसाठी थोडी शिल्लक ठेवावी.

वसतिगृहात सगळ्यांकडे भारी लॅपटॉप आणि आपल्याकडे साधा, याचं मुलाला वाईट वाटेल हे खरं. ते दुःख खोटं नाही. पण त्याला घराचा हिशेब उघडा करून दाखवावा. अठरा वर्षांच्या मुलाला अकरा क्विंटलांचा अर्थ कळतो, आणि तो कळणं हाही त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जिव्हाळ्याचा. 'असर' २०२४ मध्ये स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ३६.२ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी २६.९ टक्क्यांकडेच. फोनच्या बाबतीत हे, तर लॅपटॉपच्या बाबतीत काय असेल? किती घरांत मुलाला नव्वद हजारांचं यंत्र येतं आणि दहावी-बारावीतल्या बहिणीला 'दादा सुटीत आला की त्याचा वापर' असं सांगितलं जातं! नव्वद हजारांत चाळीस हजारांचे दोन लॅपटॉप येतात आणि वर दहा हजार उरतात. ज्या घरात दोन लेकरं शिकताहेत, तिथे हा हिशेब मांडल्यावरही एकच भारी यंत्र घ्यावं, याच्या बाजूनं एकही युक्तिवाद मला सापडलेला नाही.