तांब्याच्या तारेची शर्यत

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारने देशाचे पहिले ब्रॉडबँड धोरण जाहीर केले. सेकंदाला किमान २५६ किलोबिट वेगाने अखंड चालू राहणारी जोडणी म्हणजे ब्रॉडबँड, अशी त्यातील व्याख्या होती. आज हा वेग हास्यास्पद वाटतो. परंतु १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा डायल-अपची सुरुवात ९.६ किलोबिटपासून होत असे आणि इंटरनेट चालू असेपर्यंत घरचा फोन मुका होई. २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहक, हे धोरणाचे लक्ष्य होते. त्याची मुख्य भिस्त होती ती आधीच जमिनीत पुरलेल्या, खांबांवरून घरोघर पोहोचलेल्या तांब्याच्या टेलिफोन तारांवर.

या भरवशामागे भक्कम अभियांत्रिकी होती. माणसाचा आवाज टेलिफोनवर समजण्यास साधारण ३,४०० हर्ट्झपर्यंतची कंप्रता पुरते. त्यावरचा सगळा पट्टा तारेत रिकामाच पडून असतो. एडीएसएल तंत्राने ११ लाख हर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरात आणला. त्याचे सुमारे ४.३ किलोहर्ट्झचे २५६ तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यातील गोंगाट मोजायचा, स्वच्छ तुकड्यांवर अधिक माहिती लादायची आणि खराब तुकडे सोडून द्यायचे, ही त्यातील युक्ती. भिंतीवरचा छोटा स्प्लिटर आवाज आणि माहिती वेगळी करी. जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगम आणि महानगर टेलिफोन निगम यांनी ब्रॉडबँड सेवा सुरू केली, तेव्हा याच जुन्या तारेवर बोलणे आणि इंटरनेट एकाच वेळी चालू लागले. पुढची पायरी असलेल्या एडीएसएल-२ प्लसने पट्टा दुप्पट केला आणि कागदावर २४ मेगाबिटचा वेग दिला.

कागदावर म्हणायचे कारण अंतर. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या जोडीत १० लाख हर्ट्झचा संकेत सोडला, तर एक किलोमीटरनंतर त्याच्या शक्तीचा जेमतेम शंभरावा हिस्सा उरतो आणि दोन किलोमीटरनंतर दहा हजारावा. कंप्रता वाढवावी तसा हा ऱ्हासही वाढतो. ऑप्टिकल फायबरमधील प्रकाशाची शक्ती निम्म्यावर यायला सुमारे १५ किलोमीटर लागतात. त्यामुळे एक्स्चेंजच्या शेजारच्या घराला २४ मेगाबिट मिळत असता चार-पाच किलोमीटरवरच्या घराला एक-दोन मेगाबिटवर समाधान मानावे लागे. त्यात पावसाळ्यात सांध्यांत पाणी शिरले की तेही नाही.

मग तांबे सुधारता येत नव्हते काय? येत होते, आणि सुधारले गेलेही. २००६ च्या व्हीडीएसएल-२ ने ३ कोटी हर्ट्झपर्यंत मजल मारून १०० मेगाबिटचा टप्पा गाठला. २०१० मध्ये व्हेक्टरिंगचे मानक आले. शेजारच्या जोड्यांतून झिरपणारा गोंगाट त्याने गणिताने पुसून काढला. २०१४ च्या जी-डॉट-फास्टने शंभर मीटरच्या आत गिगाबिटचा पल्ला दाखवला, तर त्याच वर्षी बेल लॅब्जने प्रयोगशाळेत ३० मीटरवर १० गिगाबिट पाठवले. आकडे थक्क करणारे आहेत, पण त्यांसोबत तारेची लांबी कशी आखडत गेली ते पाहावे. किलोमीटर, मग शेकडो मीटर, मग तीस मीटर. म्हणजे उरलेले सर्व अंतर फायबरने कापायचे, गल्लीच्या तोंडाशी विजेची पेटी बसवायची आणि शेवटच्या चार पावलांपुरते तांबे राखायचे. ब्रिटन आणि जर्मनीने हा मार्ग बराच काळ धरला, कारण तेथे जवळजवळ प्रत्येक घरी तार होती. शंभर कोटींहून अधिक लोकसंख्येच्या भारतात टेलिफोनच्या तारा होत्या चार-पाच कोटी.

केबलची गोष्ट निराळी. टीव्हीची कोअक्सियल तार जाड, आवरणयुक्त आणि मुळातच उच्च कंप्रतेसाठी घडवलेली. २०१३ च्या डॉक्सिस ३.१ मानकाने तिच्यावर १० गिगाबिटपर्यंतचा वेग शक्य ठरवला, अर्थात तो अख्ख्या वस्तीत वाटून घ्यायचा. मात्र नव्वदच्या दशकात गच्च्यांवरून ओढलेले भारतीय केबलचे जाळे प्रामुख्याने एकमार्गी होते. चित्र घरी येई, घरून परत काही जात नसे. म्हणून अनेक केबलचालकांनी इमारतीपर्यंत फायबर आणून तेथून घरात इथरनेटची तार टाकली. लोक ज्याला ‘केबलवाल्याचे नेट’ म्हणत, ते पुष्कळदा तांत्रिक अर्थाने केबलचे नव्हतेच.

तरीही सारा दोष भौतिकशास्त्राच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००४ मध्येच शिफारस केली होती की सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा खाजगी सेवादात्यांनाही भाड्याने वापरू द्याव्यात. फ्रान्समध्ये अशाच व्यवस्थेतून स्वस्त आणि वेगवान जोडण्यांची चुरस लागली. भारताच्या धोरणाने ती शिफारस स्वीकारली नाही. २०१० च्या अखेरीस दोन कोटींच्या जागी सुमारे १ कोटी १० लाखच ब्रॉडबँड ग्राहक झाले होते. तोवर मोबाइलमुळे लँडलाइन घटू लागली होती, आणि बंद पडलेली जोडी दुरुस्त करण्यातही कोणाला रस उरला नव्हता. तांब्याची शर्यत कधीतरी संपणारच होती. पण जी दहा वर्षे त्याच्या हाती होती, ती भारताने अर्धीमुर्धीच वापरली.

ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेस मंजुरी मिळाली. तीच पुढे भारतनेट झाली. २०१९ मध्ये भारत संचार निगम आणि जिओ या दोघांनीही घरगुती फायबर सेवा बाजारात आणली. ३१ जानेवारी २०२० रोजी निगमाचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले. कोणती जोडी कोणत्या खांबावरून कोणाच्या घरी जाते हे तोंडपाठ असलेले लाइनमनही त्यांत होते. जानेवारी २०२३ पासून ब्रॉडबँडची किमान व्याख्या २ मेगाबिट झाली आहे.

जुन्या ग्राहकांना निगम आता तोच क्रमांक ठेवून फायबरवर आणतो. वेग वाढतो, पण वीज गेली की घरचा फोनही बंद पडतो. तांब्याच्या तारेत तसे होत नसे, कारण फोनला लागणारी ४८ व्होल्टची वीज त्याच तारेतून, एक्स्चेंजच्या बॅटरीतून येत असे.